दिघे सरांच्या व्हायोलिनमधली बाई

आखातातून माणूस गेला की त्याचं सामान वाटलं जातं. सोफा एकाकडे, फ्रीज दुसऱ्याकडे, कुंड्या तिसऱ्याकडे. आणि किस्से, जो मागे राहिला त्याच्याकडे! आमच्या ग्रुपमधला मागे राहिलेला मीच. त्यामुळे दुबईतल्या माझ्या अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये आज पाच जणांचे किस्से साठलेत आणि ऐकायला कुणी नाही. बायको म्हणते, "पुन्हा नको!" मुलगा म्हणतो, "बाबा, यू टोल्ड धिस वन ऑलरेडी." म्हणून तुम्हाला धरलंय. चहा घ्या, बसा. हसू आलं तर खुशाल हसा. मला हल्ली येत नाही.

तर नव्वदच्या दशकातली गोष्ट. शारजात, रोल्लाला, दिघे सरांच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी दुपारी आम्ही जमायचो. शुक्रवार म्हणजे आमचा रविवार. सर एका एसी कंपनीत स्टोअर सुपरव्हायझर. त्याआधी मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. सिंथेसायझर आले, एका डब्यातून पन्नास व्हायोलिनं वाजायला लागली आणि सर शारजाला आले. एसीचे कॉम्प्रेसर मोजायला!

त्यांचं वेड एकच. तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं वाद्यसंगीत. बरोक म्हणतात त्याला. आणि त्यावर त्यांचा एक सिद्धांत होता, तो त्यांनी आम्हाला बिर्याणीबरोबर इतक्यांदा वाढला की आजही मला बिर्याणी बघितली की ऑपेरा आठवतो.

"हे वाद्यांचं संगीत वाटतं, पण नाही," सर म्हणायचे. "हा ऑपेरा आहे, त्यांचं संगीत नाटक. इटलीत लोक आधी गाणाऱ्या बायांवर खुळावले. मग व्हायोलिनवाल्यांना वाटलं, आपणही असंच गावं. या संथ भागात बघा, ती रंगमंचावर एकटी उभी आहे. फक्त शब्द काढून घेतलेत. बाई आत आहे! तिला बाहेर काढा!"

"आत आहे!" स्वयंपाकघरातून मीनाकाकू, सरांच्या बायको, ओरडल्या. "आणि पाच माणसांची भांडी घासते आहे! काढा बाहेर!"

त्या दिवशी सिद्धांत तिथेच संपला. आम्ही सगळे भांडी पुसायला गेलो.

*

सरांना हे सगळं कळलं कुठून, तर घरातून. त्यांचे वडील नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. एखाद्या गावी नटाचा घसा बसला की वडील अख्खं पद नुसत्या ऑर्गनवर वाजवायचे, आणि म्हणे प्रेक्षक रडायचे. कारण शब्द प्रत्येकाला पाठ! "इटलीत दुसरं काय झालं?" सर विचारायचे. जणू इटली म्हणजे सांगलीच्या पुढचं स्टेशन.

आमच्यापैकी कुणी धड शिकलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. स्मिता नाडकर्णी बँकेत होती, लहानपणी पुण्यात चार वर्षं व्हायोलिन शिकलेली, ती सेकंड व्हायोलिन. विनय सॉफ्टवेअरवाला, त्याच्याकडे कॅसिओ, त्यावर तो हार्प्सिकॉर्डचा, म्हणजे पियानोच्या पणजोबाचा, आवाज काढायचा. मी व्हायोला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, आवाजाला जरा जाड, आणि महत्त्व शून्य. मी आजारी पडून दोन शुक्रवार गेलो नाही, तर स्मिता म्हणाली, "अरे, तू नव्हतास?"

आणि सेलोवर, म्हणजे बसून गुडघ्यांत धरायच्या त्या भल्यामोठ्या व्हायोलिनवर, इक्बाल परकार, रत्नागिरीचा. शारजा पोर्टवर क्लिअरिंगचं काम करायचा. एका हॉटेलच्या बँडमधला कुणी रुमानियन घरी परत चालला होता, त्याचा सेलो कार्गोत जाईना. तो रडत रडत इक्बालच्या गळ्यात टाकून गेला. इक्बालनं तो वर्षभर कपडे वाळत घालायला वापरला. मग सरांच्या दृष्टीस पडला आणि बिचाऱ्याचे शुक्रवार संपले.

या इक्बालला सर एकदा एक तुकडा समजावत होते. ऑपेरात गाण्याच्या आधी नायक निम्मं बोलतो, निम्मं गातो. ताल नाही, बोलण्याची लय. तसंच सेलोवर बोलायचं होतं.

"सर, माझ्या ह्या डब्यातून शब्द नाय निघत," इक्बाल म्हणाला.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. कुठला तरी ट्रेलर कंटेनर घेऊन भलत्याच गेटवर उभा! इक्बाल उठला आणि त्यानं पाच मिनिटं मल्याळी ड्रायव्हरला हिंदीत, अरबीत आणि शेवटी अस्सल कोकणीत जे काही सुनावलं, ते लिहायची सोय नाही. धापा टाकत येऊन बसला.

सर खुशीत म्हणाले, "हां! आता हेच सेलोवर सांग!"

आणि त्यानं सांगितलं हो! आधी चढला, मग अडला, मग दात खाऊन खाली आला. आमच्या अंगावर काटा आला. सर म्हणाले, "याला म्हणतात ऑपेरा!"

पुढच्या शुक्रवारी मात्र ते काही जमेना. सरांनी दहा वेळा करून बघितलं, शेवटी हताश होऊन म्हणाले, "इक्बाल, त्या ड्रायव्हरला फोन लाव."

*

आता मुख्य दुखणं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सरांचा जीव अडकला होता एका कॉन्चेर्तोत, म्हणजे एक व्हायोलिन पुढे आणि बाकीचे साथीला अशा रचनेत. त्याचे तीन भाग. पहिला पळणारा, तिसरा पळणारा, मधला संथ. मधला म्हणजे सरांची बाई. ती एक गाणं म्हणते, मग मध्ये थोडं वेगळं काही म्हणते, आणि मग परत पहिल्यापासून तेच गाणं म्हणते. ऑपेरातली रीतच ती.

"तेच तेच पुन्हा कशाला?" असं विनयनं एकदा विचारलं.

"तेच नाही रे," सर म्हणाले. "पहिल्यांदा ती सांगते. परत येते तेव्हा तिला सगळं कळलेलं असतं. परत येते तीच खरी."

एवढीच इच्छा होती त्या माणसाची. तो मधला भाग, परत येण्यासकट, एकदा पुरा वाजावा आणि कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावा. फार मागणं नव्हतं. पण नशीब! नशीब आमचं शारजाचंच!

*

पहिली संधी आली मंडळाच्या गणेशोत्सवात. एका शाळेच्या हॉलमध्ये आम्हाला बारा मिनिटं दिली. बारा मिनिटांत तिन्ही भाग बसत होते, सरांच्या कॅसेटवर आम्ही घड्याळ लावून बघितलं होतं.

पहिला भाग वाजवला. लोकांनी चक्क ताल धरला! टाळ्या थांबेनात. आणि पहिल्या रांगेतून एक आजोबा, मुलाकडे व्हिजिट व्हिसावर आलेले, हात वर करून गरजले, "वन्स मोअर!"

मी सरांकडे बघून 'नको, नको' अशी मान हलवली. कारण ऑर्गनवाल्याचा मुलगा! वन्स मोअर नाकारायचा नसतो, हे रक्तात! सर झुकले, आणि पहिला भाग पुन्हा पहिल्यापासून.

"वन्स मोअर!"

अहो, तीन वेळा! तीन वेळा तेच पळणं! मी विंगेकडे बघतोय, तिथे मंडळाचे सेक्रेटरी दोन्ही हातांनी गळा कापल्याच्या खुणा करताहेत, कारण मागे बालगोपाळांचा कोळी डान्स टोपल्या घेऊन उभा. तिसऱ्यांदा संपलं आणि पडदा पडला.

सर पडद्याआड व्हायोलिन खांद्याला लावून तसेच उभे. संथ भागाचा पहिला सूर बोटाखाली तयार. एक चिमुकली कोळीण त्यांचा कोट ओढत म्हणाली, "अंकल, यू आर स्टँडिंग ऑन माय फिश."

*

दुसरी संधी दुबईतल्या एका हॉटेलात, शुक्रवारच्या ब्रंचला. मॅनेजर सरांच्या कंपनीचं गिऱ्हाईक. सर म्हणाले, "इथे वन्स मोअरची भीती नाही. मधल्या भागानंच सुरुवात करू."

भीती नव्हतीच. कुणी ऐकतच नव्हतं! पण सरांनी बाईला असं काही उभं केलं होतं, की मला वाटलं आता, आता होणार. गाणं झालं, मधलं वेगळं झालं, परत यायची वेळ झाली आणि विनयची बाही कॅसिओच्या कुठल्याशा बटणाला लागली.

धिक-चिक-धिक-धिक-चिक! बोसा नोव्हा! फुल व्हॉल्यूम!

घाबरून विनयला बटण सापडेना. सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. एक गोरी बाई प्लेट घेऊन नाचायला लागली. मॅनेजर धावत आला. मी म्हटलं, संपलं, हाकलणार.

"सर, बहुत बढिया!" तो म्हणाला. "शुरू से ऐसा ही क्यों नहीं बजाया?"

घरी जाताना गाडीत सगळ्यांची तोंडं पडलेली. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास. मागच्या सीटवर स्मिताची दहा वर्षांची मुलगी, ती शेवटी कंटाळून म्हणाली, "मॉम, व्हाय इज एव्हरीवन सो सॅड? दे लाइक्ड इट!"

*

आणि घरी प्रॅक्टिस करावी, तर शेजारीण.

सरांच्या भिंतीपलीकडे एक म्हातारी अरब बाई राहायची. इराकी का सीरियन, ते आम्हाला कधी नक्की कळलं नाही. तिच्या मुलाचं नाव सामी, म्हणून तिला सगळे उम्म सामी, म्हणजे सामीची आई, म्हणायचे. सामी कतारला नोकरीला, ही एकटी. लिफ्टमध्ये भेटली तर आमच्याकडे अशी बघायची, जशी आम्ही तिची कोंबडी चोरलीय.

व्हायचं काय, संथ भाग आम्ही सुरू करायचो. अर्ध्यावर यायचो. कुणीतरी चुकायचंच. कुणीतरी म्हणजे मीच, पण जाऊ दे. सर व्हायोलिनचा गज उचलून म्हणायचे, "थांबा! श्वास कुठे घेतला? गाणारी बाई इथे श्वास घेईल का? मरेल ती!" आम्ही थांबायचो. सर समजवायला लागायचे. आणि भिंतीवर धाड! धाड! धाड!

सरांचा चेहरा पडायचा. "शेजार दुखावला. आज इथपर्यंतच." व्हायोलिन पेटीत. मग चहा. दर शुक्रवारी हेच. इतकी वर्षं! मी तर म्हणायचो, त्या म्हातारीला संगीत कळतं, नेमकं मी चुकलो की मारते.

सरांनी काय काय नाही केलं! भिंतीला गालिचा टांगला. सगळ्यांच्या वाद्यांना आवाज दाबायच्या चिमट्या लावल्या. इतकं हळू वाजवायचो की एसीच जास्त ऐकू यायचा. तरी धाड धाड होतंच.

एका गणपतीला मीनाकाकू स्वतः उकडीचे मोदक घेऊन माफी मागायला गेल्या. परत आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या.

"माफी मागितली का?" सरांनी विचारलं.

"मागितली. हात जोडले. म्हटलं, म्युझिक बंद करते हैं. तर अशी भडकली! अरबीत काय काय बोलली, भिंतीकडे बोट दाखवलं, डोक्याला हात लावला! मी आपली पळून आले."

संध्याकाळी ताटली परत आली. खजुरानं भरलेली.

"रागावलेली बाई खजूर कशाला देईल?" इक्बालनं विचारलं.

"रिकामी ताटली परत देत नाहीत, एवढंच," काकू म्हणाल्या. "आपल्यात नाही का?"

आम्ही खजूर खाल्ले आणि पुढच्या शुक्रवारपासून आणखी हळू वाजवायला लागलो.

*

मग गळती सुरू झाली. आधी विनय कॅनडाला. तेव्हा जो तो कॅनडाचे कागद भरत होता. मग स्मिताच्या नवऱ्याची बदली मस्कतला. तिची व्हायोलिनची पेटी गाडीत ठेवताना सर हसून म्हणाले, "सेकंड व्हायोलिन काय, जोशी वाजवेल." जोशी म्हणजे मी. माझं प्रमोशन झालं तेही असं.

स्मिता गेल्यावर आम्ही तिघेच बसलो होतो. इक्बाल म्हणाला, "सर, आता कसला कॉन्चेर्तो? माणसंच नाय."

सर बराच वेळ तारा पुसत होते. "अरे, हे संगीत असंच झालं की," ते म्हणाले. "रंगमंचावरून बाई निघून गेली. तिचं गाणं मागे राहिलं, ते व्हायोलिननं उचललं. कुणीतरी गेल्याशिवाय हे सुरूच होत नाही."

काकू चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. नेहमी काहीतरी चिमटा काढायच्या. त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की सरांच्या ऑफिसात काहीतरी शिजतंय.

*

कंपनी दुसऱ्या कुणी घेतली. साठीला आलेल्यांचे व्हिसे रिन्यू होणार नाहीत असं सांगितलं. सर साठीला आलेले. खलास!

सेंडऑफला कंपनीनं भेट काय द्यावी? चाकांची मोठी सुटकेस! अहो, माणसाला किती स्पष्ट सांगायचं! एचआरवाल्या पोरीनं वर भाषण केलं, "दिघे सर, नाऊ यू कॅन फुल-टाइम एन्जॉय युवर म्युझिक!"

पार्किंगमध्ये मी म्हटलं, "सर, खरंच की. मुंबईत तुमचे जुने लोक असतील. तिकडे ग्रुप काढा."

"कोण आहे रे तिकडे?" सर म्हणाले. "बरोबरचे निम्मे गेले. उरलेल्यांनी व्हायोलिनं विकली. तिथे माझ्याबरोबर वाजवणारा एक माणूस नाही. इथे निदान तुम्ही बेसूर तरी होतात!"

आणि सुटकेस ओढत गाडीकडे गेले. तिचं एक चाक तिथेच खुरडायला लागलं. मला फार वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, राग आला. कुणावर, ते अजून ठरलेलं नाही.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

बुधवारचं विमान. त्याआधीचा शेवटचा शुक्रवार. मी आणि इक्बाल गेलो. हॉल रिकामा. सामान कार्गोला गेलेलं, गालिचा भिंतीवरून उतरलेला, गॅसचा सिलिंडरही परत केलेला. त्यामुळे मीनाकाकूंना आत जायचं काही कारणच नव्हतं. त्या हॉलमध्ये उरलेल्या एकुलत्या एका खोक्यावर बसल्या, हात मांडीवर ठेवून. इतक्या वर्षांत आम्ही वाजवताना त्यांना समोर बसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. सरांचंही तिकडे लक्ष गेलं.

"मधला भाग," सर म्हणाले. "तिघांत. चिमट्या काढा. आणि हे बघा, आज कुणी कितीही चुका. मी थांबवणार नाही."

रिकाम्या खोलीत आवाज केवढा घुमतो! मी चौथ्या ओळीत चुकलो. सर थांबले नाहीत. इक्बाल एक सूर उशिरा आला, सर त्याच्यासाठी रेंगाळले आणि त्याला बरोबर घेऊन पुढे गेले. गाणं झालं. मधलं वेगळं झालं. आणि मग ती परत आली. मी त्या जागेच्या पुढे कधी गेलोच नव्हतो हो! सूर तेच पहिले, पण परत येऊन ते मी कधी वाजवले नव्हते. सर डोळे मिटून वाजवत होते. ज्या जागी आधी सरळ गेले होते, तिथे आता वळत होते, थांबत होते, मोठा श्वास घेत होते. तीच बाई, पण तिला सगळं कळलं होतं. काकूंनी पदर डोळ्याला लावला. मी कान भिंतीकडे लावून बसलो होतो, आता मारेल, आता मारेल.

नाही मारलं. शेवटचा सूर संपला. सरांनी व्हायोलिन खाली घेतलं.

मग दारावरची बेल वाजली.

काकूंनी दार अर्धवट उघडलं. उम्म सामी! धापा टाकत, चौकटीला धरून उभी. डोळे लाल. काकू घाबरून म्हणाल्या, "सॉरी, सॉरी, लास्ट टाइम..."

"इतना साल!" ती ओरडली. मोडक्या हिंदीत, बाजारातल्या. "हर जुम्मा आधा! आधा, बाद में खलास! मैं दीवार मारता, चालू करो, चालू करो, तुम बंद करता! चाय पीता!"

तिनं काकूंच्या खांद्यावरून आत सरांकडे बघितलं. आवाज एकदम उतरला.

"आज पूरा," ती म्हणाली. "शुक्रान. शुक्रान, हबीबी."

मग जायला वळली आणि काहीतरी आठवल्यासारखी थांबली. बोट वर करून, मुलाला दटावतात तसं म्हणाली, "अगला जुम्मा भी ऐसा पूरा. ठीक है?"

काकूंनी मागे वळून सरांकडे बघितलं. त्यांच्या शर्टाच्या खिशातून बुधवारचं तिकीट डोकावत होतं. सर व्हायोलिन हातात घेऊन दारापर्यंत आले. उजवा हात छातीवर ठेवला आणि झुकले.

"इन्शाल्ला," सर म्हणाले.